थोरली कोण आणणार

ऑपरेशन झाल्यापासून शारदाबाईंची तक्रार पायाबद्दल नव्हती, हातांबद्दल होती.

पाय दुखायचा, पण त्याचं दुखणं त्यांना समजत होतं. खुब्याचं हाड मोडलं, डॉक्टरांनी तिथं धातूचा गोळा बसवला, आता तो अंगाशी जुळेपर्यंत दुखणारच. हातांचं मात्र कुणीच आधी सांगितलं नव्हतं. वॉकर धरला की दोन्ही हात संपले. चहाचा कप खोलीत न्यायचा नाही. दोरीवरचे कपडे काढले तरी ते ठेवायचे कुठं? पाण्याचा पेला ओट्याशी भरायचा आणि तिथंच उभ्यानं प्यायचा. बेल वाजली, कसंबसं जाऊन दार उघडलं, तर दूधवाला पिशवी पुढं करून उभा आणि यांचे हात दांड्यांना चिकटलेले.

“बसमधली सवारी झाली माझी,” त्या म्हणायच्या. “दांडी धरून उभी. स्टॉप काही येत नाही.”

सून ममतानं वॉकरच्या पुढच्या आडव्या दांडीला एक कापडी पिशवी बांधून दिली होती. तीत मोबाइल, चष्मा, औषधांची पट्टी, नॅपकिन. चालताना ती गुडघ्याला लागायची. सोय होती, पण शारदाबाईंना ती पाहवत नसे. टांग्याच्या घोड्याच्या तोंडाला चंदीची पिशवी बांधतात, तशी ती त्यांना वाटायची.

पुलगावहून लग्न होऊन त्या रायपूरला आल्या तेव्हा बाबाराव रेल्वेत असिस्टंट ड्रायव्हर होते. पुढं ड्रायव्हर झाले आणि सगळी नोकरी मालगाड्यांवर काढली. कोळसा, लोखंडाची माती, सिलतऱ्याच्या कारखान्यांचा माल. तो माणूस बसल्या जागी दूरदूर जायचा आणि ही बाई कुठंही न जाता दिवसभर चालायची. हातात सतत काहीतरी. पापडांचं ताट, शेजारच्या बाळंतिणीचा डबा, कुणाच्या पोरीच्या परकराचं कापड. रिकाम्या हातानं एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जाणं म्हणजे त्यांना फेरी वाया गेल्यासारखं वाटायचं. रेल्वे कॉलनीत त्यांचं नाव बाबारावांनीच पाडलं होतं: शंटिंग इंजिन. यार्डात डबे इकडून तिकडे ढकलणारं, दिवसभर धावणारं आणि संध्याकाळी त्याच यार्डात उभं राहिलेलं.

“ठेवा नाव,” त्या म्हणायच्या, “पण यार्डातलं इंजिन बंद पडलं न, तर तुमची मालगाडी बी नाही निघत.”

बाबाराव निवृत्त झाल्यावर मुलानं, पियुषनं, तेलीबांध्याकडे फ्लॅट घेतला. तो आणि ममता दोघंही नव्या रायपूरला नोकरीला. सकाळी गाडीनं जायचे, अंधार पडता पडता यायचे. चौथा मजला, लिफ्ट, आणि आरशासारखी फरशी. क्वार्टरातली सिमेंटची जमीन पाय धरून ठेवायची. ही फरशी धरत नव्हती. माणूस आपल्यावरून गेला काय नि नाही काय, तिला त्याचं काहीच नव्हतं.

त्या दिवशी नुकताच पोछा मारलेला होता. शारदाबाई वरणाचं पातेलं घेऊन ओट्याकडून टेबलाकडे निघाल्या. पाय सरकला. बाजूलाच फ्रिज होता, हात टाकला असता तर सापडला असता. त्यांनी हात टाकला नाही. पातेलं दोन्ही हातांनी धरून त्या उजव्या कुशीवर पडल्या. बाबाराव धावत आले तेव्हा वरण बरंचसं पातेल्यातच होतं.

ही गोष्ट पुढं दवाखान्यात, फोनवर, लिफ्टमध्ये सगळ्यांना गंमत म्हणून सांगितली गेली. शारदाबाईही हसायच्या. बाबाराव हसत नसत.

चालायला शिकवायला शर्मिष्ठा मॅडम घरी यायच्या. स्कूटर खाली लावून, हेल्मेट काखेत धरून.

“आंटी, पहले वॉकर. एक हाथ आगे, बस. फिर ऑपरेशन वाला पैर. फिर अच्छा वाला. और नीचे मत देखिए, सामने देखिए.”

“सामने काय आहे पाहासारखं? भिंत तर आहे.”

“तो दीवार को देखिए. दीवार गिरती नहीं है न?”

वळायचं असेल तर छोटी छोटी पावलं टाकत वळायचं, दुखऱ्या पायावर गिरकी घ्यायची नाही. उठताना वॉकर ओढायचा नाही, खुर्चीच्या हातांवर जोर द्यायचा. खाली पाटावर बसायचं नाही. ओली फरशी, सुटं पायपुसणं, सांडलेलं पीठ, सांडलेली पावडर यांच्यापासून लांब राहायचं. जाताना त्या वॉकर उलटा करून त्याच्या पायांची रबरी टोपणं आपल्या रुमालानं पुसायच्या आणि म्हणायच्या, “अंकल, ये रबर ही इनका ब्रेक है.”

हे वाक्य बाबारावांना फार पटलं. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी आपली पद्धत सुरू केली. इंजिनात समोरचा सिग्नल दिसला की ड्रायव्हरनं तो मोठ्यानं सांगायचा आणि असिस्टंटनं तेच परत म्हणायचं. परत म्हटलं नाही तर समजायचं, त्यानं पाहिलं नाही. शारदाबाई खोलीतून निघाल्या की बाबाराव बाजूनं चालत पुकारायचे.

“वॉकर!”

शारदाबाईंनी वॉकर पुढं टाकला.

“अगं, परत म्हण न. वॉकर!”

“मी काय तुमची असिस्टंट आहे?”

“दुखरा पाय!”

“अवो, सगळी बिल्डिंग ऐकून राहिली. काहून दवंडी पिटता माझ्या पायाची?”

आणि त्या वॉकर जरा जास्तच पुढं टाकायच्या, मुद्दाम. मग तोल सावरायला थांबायच्या. मग थांबल्याचा राग यायचा. हॉलभर फिरायच्या, गॅलरीपर्यंत जायच्या, परत यायच्या, आणि बसल्या की बोटं गुडघ्यावर वाजवत राहायच्या. ती बोटं टीव्ही चालू असला तरी वाजायची, जेवताना डाव्या हाताची वाजायची. घरातल्यांना तो आवाज ऐकू येईनासा झाला होता. त्यांना स्वतःला मात्र येत होता.

भादवा जवळ आला आणि ती बोटं अधिकच वाजू लागली.

या घरात महालक्ष्म्या बसतात. थोरली आणि धाकटी, दोघींचे मातीचे मुखवटे. बाबारावांच्या आईच्या वेळचे. रायपूरला घर मांडल्यावर सासूबाईच ते पुलगावहून मांडीवर घेऊन आल्या होत्या, सगळ्या प्रवासात एकदाही खाली न ठेवता. येण्याच्या दिवशी संध्याकाळी दोघींना दाराबाहेरून आत आणायचं. मुखवटा तांब्यावर ठेवायचा, दोन्ही हातांनी छातीशी धरायचा, आणि काढलेल्या पावलांवरून घरभर फिरायचं. आतून घरातला माणूस विचारणार, कोण आलं? बाहेरून उत्तर, महालक्ष्मी आली. कशाच्या पावलांनी? सोन्याच्या पावलांनी. मग प्रत्येक खोलीत थांबायचं, इथं काय आहे ते देवीला सांगायचं, आणि शेवटी तिला तिच्या जागी बसवायचं. आधी थोरली, तिच्यामागून धाकटी. धाकटी लग्न झाल्यापासून ममता आणायची. थोरली घरातली मोठी सवाष्ण आणते. म्हणजे शारदाबाई.

“मम्मी, व्हीलचेअर मँगा लेते हैं,” पियुष एका रात्री जेवताना म्हणाला. तो लहानपणापासून मराठी ऐकत आणि हिंदीत उत्तर देत मोठा झाला होता. “आप बैठो, देवी को गोद में लो, मैं धक्का दूँगा. सिंपल.”

“देवी काय मॉलमध्ये येऊन राहिली? धक्का देतो म्हणे.”

“तो ममता ले आएगी.”

ममता पोळ्यांचा डबा झाकत होती. तिचा हात थांबला.

“धाकटी ममता आणते,” शारदाबाई म्हणाल्या. “थोरली मी आणते. जसं आहे तसं.”

“दोनों हाथ में देवी, तो वॉकर किसके हाथ में?”

“तुझ्या बापाच्या.”

बाबाराव ताटातून वर न पाहता म्हणाले, “यंदा नाही, शारदे.”

“तुम्हाला कोणी विचारलं?”

त्यांनी पुढचा घास घेतला. शारदाबाईंची बोटं वाजत राहिली.

ममता महासमुंदकडची. तिकडे तीजेला लग्न झालेल्या मुली माहेरी जातात. भाऊ घ्यायला येतो आणि मुली वर्षभर त्या येण्याकडे डोळे लावून असतात. तिचा भाऊही आला. शारदाबाई आतल्या खोलीत पलंगावर होत्या. त्यांना हॉलमधलं सगळं ऐकू येत होतं.

“अगले साल पक्का आऊँगी भैया. अभी मम्मी जी को छोड़ के कैसे आऊँ?”

“दाई रोही,” भाऊ म्हणाला. आई रडेल.

“हव. जानथौं,” ममता म्हणाली. हो, माहीत आहे.

जा म्हणावं तिला, बाहेर जाऊन सांगावं की मी काही लहान लेकरू नाही, तू जा. शारदाबाईंनी पलंगाच्या कडेवर जोर दिला. उठल्या. वॉकर धरला. मागून पट्टा असलेली चप्पल एका पायाची सापडली, दुसऱ्या पायाची पलंगाखाली गेली होती आणि वाकायला मनाई होती. तशाच एका चपलेनं दोन पावलं टाकली, मग भीती वाटून ती काढली. वॉकर, पाय, पाय. दारापर्यंत पोचल्या तेव्हा लिफ्टचं दार लागल्याचा आवाज आला. टेबलावर माहेरून आलेल्या तीजेच्या फराळाची, ठेठरी-खुरमीची पिशवी होती. ममता ओट्याशी पाठमोरी उभी राहून काहीतरी धूत होती, जे बहुधा आधीच धुतलेलं होतं.

त्यांच्या चालण्यात आता एक वाक्य वेळेवर पोचवण्याइतकाही वेग उरला नव्हता. आपण या पोरीच्या वाटेत ठेवलेलं सामान आहोत, असं त्यांना वाटलं. आणि सामानाला कुणी थोरली आणायला सांगत नाही.

दुसऱ्या दिवसापासून त्या दुपारी, घर रिकामं झालं की, वॉकर पलंगाशी सोडून चालू लागल्या.

बाबाराव त्या वेळी तलावावर जायचे. तिथं रेल्वेतले त्यांचे जुने लोक बाकावर बसत. शारदाबाई देवघरातला मोठा तांब्या घ्यायच्या, पाण्यानं भरायच्या, वर नारळ ठेवायच्या. वजन साधारण थोरलीएवढं व्हायचं. तो दोन्ही हातांनी छातीशी धरून पलंगापासून खोलीच्या दारापर्यंत. मग दारापासून जेवणाच्या टेबलापर्यंत. प्रत्येक उजव्या पावलाला अंग एका बाजूला झुकायचं, एक चाक बसलेल्या गाडीसारखं. दुखायचं. पण हात! हातांत काहीतरी होतं. तांब्याचा गार गळा, पाण्याची हलकी हालचाल, नारळाच्या शेंडीचा खरखरीत स्पर्श. महिनाभर मुक्या पडलेल्या हातांना वाचा फुटली होती. त्या टेबलाशी टेकून धापा टाकायच्या आणि परत निघायच्या.

बाकी कुणाला काही कळलं नाही. फक्त ममताला एकदा हॉलमध्ये पाण्याचे थेंब दिसले. तिनं ते पुसले आणि विचारलं नाही.

महालक्ष्म्या यायच्या आदल्या दिवशी बाबाराव तलावावरून लवकर परतले. वाऱ्यासाठी बाहेरचं लाकडी दार उघडं होतं, जाळीचं तेवढं लावलेलं. जाळीतून त्यांना बायको दिसली. हॉलच्या मधोमध, छातीशी तांब्या धरलेली, वॉकर कुठंच नाही. एक पाय उचललेला.

बाबारावांनी आवाज दिला नाही. नोकरीत त्यांनी एकदा वळणावर रुळात उभा असलेला माणूस पाहिला होता. ब्रेक लावला तरी मालगाडी लगेच थांबत नाही, पुढं जातच राहते. हातात फक्त शिट्टी असते, आणि शिट्टीनं दचकलेला माणूस कुठल्या बाजूला उडी मारेल ते सांगता येत नाही. तो माणूस वाचला होता. पण त्या वेळी दांडी धरून नुसतं पाहत राहण्याचं जे काही होतं, ते आज पुन्हा आलं. त्यांनी जाळी दोन्ही हातांनी धरली. शारदाबाईंचा पाय खाली टेकला. दुसरा उचलला. थरथरला. टेकला. टेबल आलं. तांब्या ठेवला गेला.

मग बाबाराव उलट पावली लिफ्टपर्यंत गेले, मोठ्यानं खाकरले, चपला घासत आले आणि बेल वाजवली.

“एवढ्यात आले?” दार उघडायला शारदाबाईंना वेळ लागला होता. आता हातात वॉकर होता.

“चष्मा राहिला.”

“तो तर डोळ्यांवर आहे.”

बाबारावांनी चष्म्याला हात लावून पाहिला. टेबलावर नारळ ठेवलेला तांब्या होता आणि त्याच्याभोवती पाण्याचं एक गोल तळं.

“शारदे,” ते म्हणाले, “तू पातेलं नाही सोडलं.”

“कोणतं पातेलं?”

“वरणाचं. ते सोडून फ्रिज धरला असता तं हाड वाचलं असतं. दहा रुपयाचं वरण नाही सोडलं तुनं. थोरली हातात असन तं सोडशीन?”

त्या खुर्चीवर बसल्या. खुर्चीच्या हातांवर जोर देऊन, शिकवलं तशा.

“तुम्ही पाहिलं.”

“पाहिलं.”

“मंग आवाज काहून नाही दिला?”

“दचकली असती.”

बोटं वाजू लागली. मग थांबली.

“तुमच्या आईनं माझ्या हाती थोरली दिली, तो दिवस आठवते?” शारदाबाई म्हणाल्या. “त्याच वर्षी त्यांचे गुडघे धरले होते. दाराशी मले म्हणाल्या, आता तू आण. दिली, अन् आत जाऊन खाटेवर बसल्या. आपण म्हटलं, बरं झालं, आराम भेटला. उठल्या का त्या मंग? पुढच्या महालक्ष्म्यांले खाटेवरूनच हात जोडले. त्याच्या पुढच्याले त्या नव्हत्या.”

“तिचं वय झालं होतं.”

“अन् माझं?”

बाबारावांनी तांब्या उचलला, देवघरात नेऊन ठेवला. पाणी पुसायला फडकं शोधलं. ते त्यांना सापडलं नाही. या घरातली फडकी कुठं असतात हे त्यांना ठाऊक नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ममतानं सुट्टी घेतली होती. दुपारभर ती जमिनीवर बसून पावलं काढत होती. पांढऱ्या रांगोळीची बारीक कड आणि आत कुंकू. लिफ्टच्या दारापासून निघून, पॅसेजमधून, उंबऱ्यावरून आत, मग प्रत्येक खोलीत, आणि शेवटी हॉलच्या कोपऱ्यात जिथं मखर होतं तिथं. इतकी सुबक पावलं या घरात आधी कधी निघाली नव्हती. मखराच्या बाजूला तिनं एक उंच खुर्ची आणून ठेवली, पाठीशी उशी लावली. सासूसाठी.

संध्याकाळी शारदाबाई जरीचं लुगडं घोट्याच्या वर खोचून बाहेर निघाल्या तेव्हा त्यांना ती पावलं दिसली. वाटेच्या अगदी मधोमध. वॉकरचं रबर रांगोळीवर टेकलं आणि बारीक दाण्यांवरून किंचित घसरलं. ब्रेक लागत नव्हता. पण पुसून टाक असं कसं सांगणार? पोरगी दुपारभर खाली बसली होती. कडेकडेनं वॉकर टाकत त्या लिफ्टपर्यंत गेल्या.

लिफ्टशेजारी एका खुर्चीवर लाल कपडा घालून दोघींना ठेवलं होतं. मखरात साड्या नेसवलेल्या कोठ्या, म्हणजे देवींची नुसती धडं, बिनचेहऱ्याच्या उभ्या होत्या, आणि चेहरे इथं बाहेर. शेजारच्या एकदोघी बायका थाळी-चमचा घेऊन उभ्या. पियुष मोबाइल धरून.

“मम्मी, रुको, मैं पकड़ता हूँ आपको.”

“तू फोन पकड.”

त्यांनी वॉकर भिंतीला लावला. पाय जरा फाकवून उभ्या राहिल्या. वाकायचं नव्हतं, म्हणून ममतानं थोरलीचा तांब्या उचलून त्यांच्या हातांत दिला. हात भरले. थोरलीचा एक कान मागं कधीतरी टवका उडून चिकटवलेला होता, तो त्यांच्या अंगठ्याखाली आला. तो तिथंच असतो, अंगठ्याला माहीत होतं. एक पाऊल. दुसरं. काल टेबलापर्यंत जमलं होतं, इथं तर दार जवळच होतं.

आतून बाबारावांचा आवाज आला. दरवर्षी ते हा प्रश्न मालगाडीच्या आवाजावर ओरडल्यासारखे विचारायचे. आज आवाज निम्मा होता.

“कोण आलं?”

“महालक्ष्मी आली!”

“कशाच्या पावलांनी?”

“सोन्याच्या—”

डावा पाय उचलला होता, उजव्यावर भार होता, आणि उजव्या टाचेखाली रांगोळी होती. टाच बोटभर सरकली. इतकंच. थाळी वाजवणाऱ्या बायकांना ते दिसलंही नाही. डावा पाय टेकला, अंग सावरलं. पण त्या बोटभर अंतरात शारदाबाईंना एक गोष्ट स्वच्छ कळली. बाजूला दाराची चौकट होती, ममताचा खांदा होता, आणि त्यांच्यातलं काहीही तिकडे गेलं नव्हतं. सगळा जीव हातांत गोळा झाला होता. हात अधिकच घट्ट मिटले होते. इथं कपाळमोक्ष झाला असता तरी ते उघडले नसते, आणि खाली, अंगाखाली, थोरलीचा चुरा झाला असता.

समोर बाबाराव उभे होते. त्यांनी दाराची जाळी धरली होती.

“मम्मी जी?” ममता हळूच म्हणाली.

“धाकटीले तिथंच राहू दे,” शारदाबाई म्हणाल्या. “इकडे ये. हात धुतले न?”

“हव.”

“घे.”

ममतानं हात पुढं केले. तांब्या तिच्या हातांत टेकला तरी शारदाबाईंची बोटं सुटायला वेळ लागला. आधी एक हात सुटला. मग दुसरा, अंगठा सगळ्यात शेवटी.

“मले पूरा नाही येत मम्मी जी,” ममता घाबरून म्हणाली. एवढं मराठी ती एका दमात कधीच बोलली नव्हती. “क्या बोलना है, सब भूल जाऊँगी.”

“तू फक्त चाल. बोलते मी. पियुष, तो फोन ठेव अन् कोरडं फडकं आण. माझ्या बाजूनं एक पट्टी पुसून दे, सगळ्या खोल्यांत. देवीची वाट देवीले, माझी मले. अन् भिंतीचा वॉकर इकडे दे, त्याचे रबरी बूटबी पूस, रांगोळी लागली त्याले.”

“अभी? मुहूर्त—”

“मुहूर्त थांबते. पाय नाही थांबत.”

बायका हसल्या. पियुष गुडघ्यांवर बसून फरशी पुसत पुढं निघाला, ऑफिसच्या पँटीतच. त्याच्यामागून थोरली निघाली, ममताच्या हातांत, पावलांवरून. आणि तिच्या बाजूनं, पुसलेल्या पट्टीवरून, वॉकर.

“कोण आलं?” बाबारावांनी पुन्हा पहिल्यापासून विचारलं. या वेळी आवाज पूर्ण होता.

“महालक्ष्मी आली!”

“कशाच्या पावलांनी?”

“सोन्याच्या पावलांनी!” आणि लगेच खालच्या आवाजात, “ममता, उंबरा आहे, पाय उचल.”

“इथं काय आहे?” स्वयंपाकघरात बाबारावांनी विचारलं.

“अन्न आहे, धान्य आहे, पुरणाची डाळ भिजली आहे.”

“इथं काय आहे?” पियुषच्या खोलीत.

“कपड्यांचा ढीग आहे. देवी, पाहून घे.”

मग शारदाबाईंची खोली आली. ममता दाराशी थबकली. आत पलंग होता, पलंगाशेजारी शौचासाठी भोक पाडलेली प्लास्टिकची खुर्ची, औषधं, कमरेचा पट्टा, महिनाभराचं दुखणं. कपडा टाकून झाकायचं राहून गेलं होतं. पावलं मात्र तिथंही काढलेली होती.

बाबारावांनी विचारलं, विचारायलाच हवं होतं. “इथं काय आहे?”

शारदाबाईंनी खोलीकडे पाहिलं.

“इथं काही नाही,” त्या म्हणाल्या. “पुढं चाल.”

थोरली मखरात बसली. ममतानं मुखवटा कोठीवर ठेवला, पदर सारखा केला, आणि मागं सरून सासूकडे पाहिलं, बरोबर आहे का विचारल्यासारखं. शारदाबाईंनी मान हलवली. मग एक गडबड उठली. बैठिए मम्मी जी, बसा काकू, अगं खुर्ची द्या, उशी द्या, किती चाललात. ती उंच खुर्ची कुणीतरी पुढं सरकवली. मखराशेजारी, उदबत्तीजवळ. बसलं की समोर देवी, मागं उशी, आणि येणारे-जाणारे पाया पडणार. शारदाबाईंनी खुर्चीकडे पाहिलं. तिची पाठ सासूबाईंच्या त्या खाटेच्या कठड्यासारखी दिसत होती. हात रिकामे होते आणि त्यांना आता काहीतरी हवं होतं, नाहीतर ते गुडघ्यावर जाऊन वाजू लागले असते.

त्यांनी वॉकरच्या दांड्या धरल्या.

“धाकटी बाहेर उभी आहे,” त्या म्हणाल्या. “ममता, चल.”

“मम्मी, अब आप बैठो, वो ले आएगी अकेले—”

“अन् बोलणार कोण? तू?”

त्या वळल्या. गिरकी न घेता, छोट्या छोट्या पावलांनी, मालगाडी यार्डात वळते तशा. सगळे बाजूला झाले. पुसलेली पट्टी दारापर्यंत कोरडी चमकत होती. बाबाराव आता दाराशी नव्हते, त्यांच्या बाजूला येऊन उभे होते.

“वॉकर,” ते हळूच म्हणाले.

“वॉकर,” शारदाबाई म्हणाल्या.

बाबारावांनी चमकून त्यांच्याकडे पाहिलं. मग घसा साफ केला.

“दुखरा पाय.”

“दुखरा पाय. अवो, जरा लवकर पुकारा न.”

आणि ते ‘चांगला’ म्हणायच्या आत तो पाय पुढं पडलाही होता.